गुठळीचा झटका आल्यावर हॉस्पिटलात माणूस नेमका कशाने दगावतो?

बकुळ_परळ (शनिवार, सकाळी १०:१५)

मेंदूत गुठळी अडकून अर्धांग गेलेला माणूस हॉस्पिटलात दाखल होतो, पहिले दोन दिवस सगळ्यांना ओळखतो, नातवाचा हात दाबतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जातो. घरच्यांना ते पचतच नाही. "काल तर बोलत होते हो, सिस्टर!" हे वाक्य मी नोकरीची सगळी वर्षं ऐकलं. परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांच्या जाण्यावरून तेच सुरू झालं. अर्ध्यांचं म्हणणं, वय झालं होतं, सुटले बिचारे. उरलेल्यांचं म्हणणं, हॉस्पिटलवाल्यांनी घालवला माणूस. नेमकं काय झालं असेल, हे कुणीच विचारलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक हॉस्पिटलात आधी मेडिसिनला आणि मग न्यूरोच्या वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त. इथे डॉक्टरमंडळी असतील त्यांनी भर घालावी. लिहिते आहे ते फक्त गुठळीच्या झटक्याबद्दल. मेंदूत रक्तस्राव होतो त्याचं गणित वेगळं. पाचांतले साधारण चार झटके गुठळीचेच असतात.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो झटका किती मोठा आहे यानं. दाखल करताना डॉक्टर एकेक तपासत जातात: नजर कुठे वळते, चेहरा वाकडा आहे का, हात-पाय उचलून किती वेळ धरता येतात, बोललेलं समजतं का. त्याचे गुण देतात, एनआयएचएसएस म्हणतात त्याला. शून्य म्हणजे काही बिघाड नाही, आणि वर ४२ पर्यंत जातं. चार-पाच गुणांचा पेशंट बहुतेक वेळा घरी जातो. वीसच्या वर असेल तर जिवाची खात्री कुणी देत नाही. आणि आणतानाच शुद्ध हरपलेली असेल तर ते सर्वांत वाईट लक्षण. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मेंदूचा मोठा भाग जातो. खोलवरची एखादी बारीक वाहिनी बंद पडली तर हात-पाय लुळे पडले तरी माणूस सहसा दगावत नाही.

मग वय. ते महत्त्वाचं आहेच, पण वय एकटं येत नाही. त्याच्यासोबत हृदयाचे अनियमित ठोके येतात, किडनी थकलेली असते, हृदय कमी पंप करत असतं, आधी एखादा झटका येऊन गेलेला असतो. ठोके अनियमित असणाऱ्यांच्या हृदयात तयार होणारी गुठळी मोठी असते, ती मोठ्या वाहिनीत जाऊन बसते, म्हणून त्यांचे झटकेही भारी असतात. दाखल होताना साखर चढलेली असणं हेही वाईट, मग आधी डायबेटिस असो वा नसो.

इथपर्यंत जे लिहिलं त्यातलं बहुतेक सगळं माणूस कॅज्युअल्टीच्या दारात येतो तेव्हाच ठरलेलं असतं. पुढचं मात्र ठरलेलं नसतं, आणि मला त्याबद्दलच जास्त बोलायचं आहे.

पहिल्या आठवड्यातले मृत्यू बहुतेक मेंदूच्या सुजेनं होतात. मेलेला भाग पाणी धरून फुगतो. कवटी म्हणजे झाकण घट्ट बसलेला डबा, फुगायला जागाच नाही, त्यामुळे सगळा दाब खाली श्वास चालवणाऱ्या भागावर येतो. ही सूज दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वांत जास्त असते. "काल बोलत होते" त्याचं उत्तर इथे आहे.

त्यानंतर जे जातात ते बरेचदा मेंदूनं जात नाहीत. छातीनं जातात. न्यूमोनिया होतो. कुणाच्या पायातली गुठळी फुप्फुसात जाते, कुणाला हृदयाचा झटका येतो, कुणाला लघवीच्या नळीतून संसर्ग होऊन तो रक्तात पसरतो. पण यात सगळ्यांत पुढे न्यूमोनिया.

झटक्यानंतर निम्म्याच्या आसपास पेशंटचं गिळणं बिघडलेलं असतं. बाहेरून पाहून कळत नाही. पेशंट शुद्धीवर आहे, पाणी मागतो आहे, घरच्यांचा जीव तुटतो. भेटायच्या वेळात डबा येतो. सुनेच्या पिशवीत थर्मास असतो. मग बशीत ओतलेला चहा, त्यात बुडवलेलं पार्ले-जी, आणि आडव्या झोपलेल्या माणसाच्या तोंडात चमचा. तो चहा अन्ननलिकेत जातो की श्वासनलिकेत, हे त्या मायेनं भरवणाऱ्या हाताला समजत नाही. काही पेशंटना तर ठसकासुद्धा लागत नाही. घशाची जाणीवच गेलेली असते. दोन दिवसांनी ताप, छातीत घरघर, आणि मग ऑक्सिजनचा मास्क.

आम्ही वॉर्डात तपासायचो ते असं. पेशंट पूर्ण जागा असेल तरच. बेड वर करून ताठ बसवायचं. आधी एक चमचा पाणी. गळ्यावर बोट ठेवलं की कंठ वर सरकतो की नाही ते कळतं. मग थांबायचं. खोकला येतो का? "आऽऽ" म्हणायला सांगायचं. आवाज ओलसर, घोगरा झाला का? असे दोन-तीन चमचे नीट गेले तर मग पेल्यातलं थोडं पाणी. कुठेही शंका आली की तोंडाने काही नाही, नाकातून नळी. तीन-चार मिनिटांचं काम आहे. पण ते पहिला घोट देण्याआधी व्हायला हवं.

ऑस्ट्रेलियात १९ स्ट्रोक युनिटांमध्ये, म्हणजे झटक्याच्या पेशंटसाठीच्या खास वॉर्डांत, याचा मोठा अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. नवं औषध नाही, मशिन नाही. त्यांतल्या काही युनिटांत पहिले ७२ तास सिस्टरांनी फक्त तीन गोष्टी काटेकोर पाळायच्या: ताप आला की लगेच उतरवायचा, साखर मोजून आटोक्यात ठेवायची, आणि गिळणं तपासल्याशिवाय तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. तीन महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले या युनिटांत ४२ टक्के होते, नेहमीसारखी काळजी घेतलेल्या युनिटांत ५८ टक्के. एवढा फरक पाडणारी औषधं फार थोडी आहेत. आपल्याकडे एका सिस्टरमागे किती पेशंट असतात हे वेगळं सांगायला नको, म्हणूनच शेजारी बसलेल्या नातेवाइकाला हे माहीत असणं मला फार गरजेचं वाटतं.

तुमच्या घरात असं कुणाला झालं असेल तर लिहा. कुणाला दोष द्यायला नाही, पण काय घडत गेलं ते समजायला हवं.

मध्या_दादर (शनिवार, सकाळी ११:०२)

ताई, फार गरजेचा धागा. माझा एकच प्रश्न. "साडेचार तासांत पोचा" असं सगळीकडे वाचतो. ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतो असंच ना? मग तुम्ही त्याबद्दल काहीच कसं लिहिलं नाही?

डॉ_अंजन (शनिवार, दुपारी १:३०)

मी न्यूरोलॉजीत काम करतो. बकुळताईंनी लिहिलंय त्यातलं काही खोडण्यासारखं नाही, भर घालतो.

मध्या, इंजेक्शनचा मुख्य फायदा अपंगत्व टाळण्याचा आहे. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत तीन तासांच्या आत दिलं तेव्हा स्वतःच्या पायावर उभे राहणारे जास्त निघाले. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. थेट जीव वाचवण्याचा फायदा इतका ठळक नाही, कारण उलट बाजूही आहे. त्या १९९५ च्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांत १ टक्क्याहून कमी. म्हणून बीपी १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय आम्ही ते देत नाही, आणि म्हणूनच उशिरा आलेल्याला सहसा देत नाही.

पण वेळेचा संबंध मृत्यूशी आहेच. अमेरिकेत ५८ हजारांहून जास्त पेशंटच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१३ साली छापल्या. दर १५ मिनिटं इंजेक्शन लवकर मिळालं की हॉस्पिटलातल्या मृत्यूची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी घटत गेली, आणि रक्तस्रावही कमी झाले. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढतात. २०१५ साली एकापाठोपाठ एक पाच चाचण्यांनी त्याचा उपयोग सिद्ध केला. २०१८ पासून निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही हे करता येतं.

एक गोष्ट राहून जाते ती मेंदूच्या मागच्या बाजूच्या झटक्याची. तिथे हात-पाय लुळे पडतीलच असं नाही. चक्कर, उलट्या, चालताना झोक जाणं, दोन-दोन दिसणं. "पित्त झालंय" म्हणून घरी झोपवून ठेवतात. मुख्य वाहिनी बंद पडली तर हाच सगळ्यांत जीवघेणा झटका. आयुष्यात कधी चक्कर न आलेल्या साठीच्या माणसाला अचानक उभं राहता येईना, तर ते पित्त समजू नका.

गिरगावची_मीनल (शनिवार, दुपारी ४:४८)

बकुळताई, तुमचा चहाचा परिच्छेद वाचून हात थांबले.

माझ्या सासूबाईंचं तसंच झालं. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं, पण डोळ्यांनी सगळं समजत होतं. घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे रात्री सीटी स्कॅनची सोय नव्हती. सकाळी दुसरीकडे नेऊन स्कॅन करून परत आणलं. तोवर वेळ निघून गेली होती. त्याहून जास्त सलतं ते पुढचं. तिथल्या आयाबाईंनी दुसऱ्याच दिवशी आम्हाला सांगितलं, "आजींना पेज भरवा, ताकद येईल." कुणी गिळणं तपासलं नाही, कुणी बेड वर करायला सांगितलं नाही. आम्ही घरचे आळीपाळीनं भरवत होतो. तिसऱ्या दिवशी ताप आला तेव्हा म्हणाले, "व्हायरल असेल, साथ आहे." नंतर मोठ्या हॉस्पिटलात हलवलं तेव्हा एक्स-रेमध्ये उजवं फुप्फुस पांढरं होतं. डेथ सर्टिफिकेटवर न्यूमोनिया लिहिलंय. आम्हाला इतके दिवस वाटत होतं की न्यूमोनिया हा काही वेगळाच आजार मधे येऊन झाला.

त्या नर्सिंग होमचं नाव लिहीत नाही. पण पेज भरवायला सांगणाऱ्याला याची कल्पना असायला हवी होती, हे मनातून जात नाही.

बकुळ_परळ (शनिवार, संध्याकाळी ६:२०)

मीनल, तुम्ही भरवलंत ते सांगितलं म्हणून भरवलंत. तपासायचं काम तिथल्या माणसांचं होतं. आणि हेही लक्षात घे की बोलणं आणि उजवी बाजू दोन्ही गेलेली असताना झटका मुळातच मोठा असतो. न्यूमोनिया टळला असता तर त्या नक्की वाचल्या असत्या असं कुणी छातीठोक म्हणू शकणार नाही. पण टाळायचा प्रयत्न व्हायलाच हवा होता, याबद्दल मी तुझ्या बाजूनं आहे.

शेखर_ठाणे (शनिवार, रात्री ८:१०)

आमच्याकडे पद्धत अशी की काहीही झालं की आधी फॅमिली डॉक्टर. ते येतात, बीपी बघतात, २००/११० आलं की जिभेखाली औषध देतात. वर एक ॲस्पिरिन. हे बरोबर की चूक?

डॉ_अंजन (शनिवार, रात्री ९:३५)

शेखर, दोन्ही टाळा. गुठळीमागच्या भागात रक्त पोचवण्यासाठीच शरीरानं बीपी चढवलेलं असतं. ते एकदम पाडलं की काठावर तग धरून असलेला भागही जातो. इंजेक्शन द्यायचं नसेल तर आम्ही पहिल्या दिवशी २२०/१२० पर्यंतसुद्धा बहुतेक वेळा हात लावत नाही. आणि ॲस्पिरिन स्कॅनच्या आधी नको, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही. शिवाय गोळी आणि पाणी गिळायला लावणं आलंच, ते ताईंनी लिहिलंय.

फॅमिली डॉक्टरांना फोन जरूर करा, पण १०८ ला आधी. आणि आजच, सगळे धडधाकट असताना, आपल्या घरापासून जवळ कुठल्या हॉस्पिटलात चोवीस तास सीटी आणि न्यूरोचा डॉक्टर आहे ते विचारून ठेवा. शेवटचं नीट कधी बोलले-चालले ती वेळ कागदावर लिहा. कॅज्युअल्टीत आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो आणि चार नातेवाईक चार वेगवेगळ्या वेळा सांगतात.

आकडेमोड (रविवार, सकाळी ९:०५)

मी आरोग्याच्या आकडेवारीत काम करतो. एक बाजू मांडतो जी सहसा कुणी मांडत नाही.

मुंबईचा स्वतःचा एक चांगला अभ्यास आहे. डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या ठरावीक वस्तीत घरोघर आणि हॉस्पिटलांतून पहिल्या झटक्याच्या नोंदी घेतल्या, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ४५६ जण, सरासरी वय ६६. त्यांतले ८० टक्के गुठळीचे. २८ दिवसांत २९.८ टक्के लोक गेले. रक्तस्रावाचे धरून हा आकडा आहे आणि तेव्हापासून उपचार पुढे गेलेत, पण दहांतले तीन हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता हॉस्पिटलातल्या मृत्यूंबद्दल. अमुक हॉस्पिटलात झटक्याचे पेशंट जास्त मरतात, म्हणजे ते वाईट, असा अर्थ लोक सरळ काढतात. पण खाजगीतून पैसे संपले म्हणून किंवा व्हेंटिलेटर लागणार म्हणून पाठवलेले पेशंट मोठ्या सार्वजनिक हॉस्पिटलात येतात. त्यांचा झटका मोठा, शुद्ध गेलेली, मधे दोन दिवस वाया गेलेले. तिथले आकडे जास्त दिसणारच. उलट, पेशंट आता वाचत नाही म्हटल्यावर घरचे सही करून घरी नेतात, त्याला आपल्याकडे डामा म्हणतात. तो माणूस तिसऱ्या दिवशी घरीच दगावतो, पण हॉस्पिटलच्या वहीत तो जिवंत बाहेर पडलेला असतो. कोकणात, देशावर गावी नेण्याची रीत असलेल्या आपल्या शहरात हे थोडंथोडकं होत नाही. लवकर डिस्चार्ज देणाऱ्याचेही आकडे छान दिसतात. म्हणून दोन हॉस्पिटलांची तुलना करायची तर दाखल होतानाचे गुण, वय आणि शुद्धी हे सगळं जुळवून, आणि डिस्चार्जनंतरही तीस दिवसांपर्यंत माग काढूनच करायला हवी.

मध्या_दादर (रविवार, सकाळी ९:४०)

डामाचा मुद्दा कधीच डोक्यात आला नव्हता. आमच्या चाळीतल्या दोघांना असंच आणलं होतं.

वैदेही_फिजिओ (रविवार, सकाळी ११:२५)

बकुळताईंच्या छातीच्या मुद्द्याला पुढे नेते.

नातेवाईक मला पहिल्याच दिवशी म्हणतात, "मॅडम, उठवा, चालवा, नाहीतर हात-पाय आखडतील." कळकळ समजते. पण २०१५ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांतच पेशंटला वारंवार उठवून जोरात व्यायाम दिला, तर निकाल उलटा आला. नेहमीच्या पद्धतीनं सावकाश उठवलेले जास्त चांगले निघाले. म्हणून पहिला दिवस घाई नको. नंतर मात्र पडून राहणं हेच धोक्याचं. दर दोन तासांनी कुशी बदलणं, लुळा पडलेला खांदा खाली उशी देऊन सांभाळणं, थोडा थोडा वेळ बसवणं. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

पायातल्या गुठळ्यांसाठी पायांना हवेचे पट्टे बांधतात, ते आलटून पालटून फुगतात. २०१३ च्या चाचणीत त्यांचा उपयोग दिसला. नुसते लांब घट्ट मोजे मात्र झटक्याच्या पेशंटमध्ये उपयोगाचे ठरलेले नाहीत, तरी अजून विकत आणायला सांगतात.

आणि तोंड! गिळत नाही म्हणून तोंडाने काही देत नाहीत, मग तोंड साफही कुणी करत नाही. जिभेवर थर बसतो, ती घाण लाळेबरोबर छातीत जाते. ओल्या कापसानं, मऊ ब्रशनं दिवसातून दोन-तीनदा तोंड पुसा. पेशंटला एका कुशीवर घेऊन, पाणी आत न जाऊ देता. सिस्टरला विचारून करा.

अनघा_बोरिवली (रविवार, दुपारी १२:१०)

+१. आमच्या वडिलांना आधीपासून अँटिबायोटिक चालू करा म्हणून आम्ही मागे लागलो होतो, डॉक्टरांनी नकार दिला. तेव्हा राग आला होता. का नाही देत?

डॉ_अंजन (रविवार, दुपारी १:००)

कारण २०१५ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी तेच करून पाहिलं आणि पेशंटना फायदा झाला नाही. संसर्ग दिसला की लगेच सुरू करतो. आधीपासून दिलं तर उलट औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं.

विनायक_डोंबिवली (रविवार, दुपारी ३:१५)

नमस्कार. माझे वडील, वय ५७, परवा रात्रीपासून मुंबईत एका हॉस्पिटलात ॲडमिट आहेत. उजव्या बाजूच्या मोठ्या नसेत गुठळी आहे म्हणाले. डावा हात-पाय गेलाय. पोचायला उशीर झाला म्हणून इंजेक्शन दिलं नाही. काल बोलत होते, चिडचिड करत होते. आज सकाळपासून सारखे झोपतायत. हाक मारली की डोळे उघडतात, परत मिटतात. सिस्टर म्हणाली रात्री झोप झाली नसेल. हा धागा वाचला आणि घाबरलोय. काय करू?

बकुळ_परळ (रविवार, दुपारी ३:२२)

विनायक, मोबाइल खाली ठेव आणि आत्ता जा. सिस्टरला नाही, राउंडच्या डॉक्टरला शोध, नाहीतर न्यूरोच्या रजिस्ट्रारला बोलवा म्हण. नेमकं सांग: "सकाळपासून गुंगी वाढली आहे, काल असे नव्हते." डोळ्यांच्या बाहुल्या बघायला सांग. उलटी झाली असेल तर तेही सांग. त्यांच्या तोंडात काही घालू नकोस.

डॉ_अंजन (रविवार, दुपारी ३:४०)

विनायक, पुन्हा सीटी करायचं का, आणि न्यूरोसर्जनना दाखवायचं का, हे दोन प्रश्न आजच विचारा, उद्यावर नको.

तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. साठीच्या आतल्या पेशंटमध्ये सूज फार वाढली तर कवटीचा एक तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. झटक्यापासून ४८ तासांच्या आत ही शस्त्रक्रिया केलेल्यांच्या तीन युरोपीय चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेले ७८ टक्के जिवंत होते, न झालेले २९ टक्के. पण वाचलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालू शकत नव्हते. साठीच्या पुढे जीव वाचतो, तरी बहुतेकांना कायम सगळ्यासाठी कुणीतरी लागतं. हे दोन्ही समजून घरच्यांनी ठरवायचं असतं. त्यासाठी सर्जननी तुमच्यासमोर बसून बोलायला हवं. स्टेरॉइडनं ही सूज उतरत नाही, कुणी सुचवलं तर विचारा.

शेखर_ठाणे (रविवार, दुपारी ४:३०)

विनायक, आम्ही आहोत. रक्त लागलं तर इथे लिही, ठाण्याहून पंधरा-वीस जण येतील.

आकडेमोड (रविवार, संध्याकाळी ५:०५)

विनायक, पैशाची चिंता असेल तर हॉस्पिटलात महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर जा, तिथे आरोग्यमित्र असतात. हॉस्पिटल योजनेत असेल तर रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागेल. नसेल तर मेडिकल सोशल वर्करला गाठ.

विनायक_डोंबिवली (रविवार, रात्री ११:५०)

सगळ्यांचे आभार. दुपारी पुन्हा स्कॅन केला. सूज वाढली होती, मेंदू मधल्या रेषेवरून सरकलाय म्हणाले. सर्जननी अर्धा तास आई, मी आणि काकांना समजावलं. अंजनदादांनी लिहिलंय तेच सगळं, चालता येईलच असं नाही हेसुद्धा. आई म्हणाली, "मला ते घरात हवेत, बाकी आपण बघू." संध्याकाळी ऑपरेशन झालं. आता आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. आतमध्ये एकालाच सोडतात. आता आम्ही काय लक्ष ठेवायचं?

डॉ_अंजन (सोमवार, सकाळी ७:१०)

निर्णय वेळेत झाला. आता रोज दोन गोष्टी विचारत जा: सूज कशी आहे आणि छाती कशी आहे. व्हेंटिलेटर जितका लवकर निघेल तितकं बरं, पण घाई आपण करायची नाही. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, आणि गुठळी नेमकी कुठून आली, हेही शोधायला लागतील. मानेतल्या नसांची सोनोग्राफी, हृदयाची टूडी एको. त्यावर पुढे रक्त पातळ करायचं औषध कोणतं आणि कधी सुरू करायचं ते ठरेल. एवढ्या मोठ्या झटक्यात ते लगेच सुरू करत नाहीत, आतल्या मेलेल्या भागात रक्तस्राव होण्याची भीती असते. "अजून का नाही दिलं" म्हणून कुणी नातेवाईक गोंधळ घालू लागला तर त्याला हे सांगा.

बकुळ_परळ (सोमवार, सकाळी ८:००)

विनायक, आत गेलास की उशाकडची बाजू वर उचललेली आहे का ते बघ, साधारण ३० अंश. आडवे दिसले तर सिस्टरला विनंती कर. नाकातल्या नळीतून फीड देतात तेव्हा आणि त्यानंतर निदान अर्धा तास तरी डोकं वरच हवं. ज्या बाजूचं हाड काढलंय त्या बाजूवर झोपवायचं नाही, बेडवर तशी पाटी लावतात, नसेल तर मागून घे. पाठीची कातडी लाल दिसते का बघ.

आयसीयूतून वॉर्डात आणतील तेव्हा तुमची खरी पाळी सुरू होईल. तेव्हा पाहुणे येतील, नारळपाणी घेऊन येतील, मोसंबीचा रस घेऊन येतील. जो रात्री थांबणार असेल, तुझे काका किंवा भाऊ, त्यालाही आजच सांगून ठेव: स्पीच थेरपिस्टनं किंवा सिस्टरनं गिळणं तपासून फाइलवर लिहीपर्यंत कुणाचाही चमचा तोंडाशी जाऊ द्यायचा नाही. व्हेंटिलेटरची तोंडातली नळी निघाल्यावरही घसा काही दिवस सुजलेला असतो, म्हणून पुन्हा तपासायला सांग, एकदा झालं म्हणून सोडू नकोस. आईंना बसायला खुर्ची आणि वेळेवर जेवण मिळतंय ना तेही बघ.